सूट द्यायची तर कुठून?

घरबसल्या ऑनलाइन दुकान टाकायचं तर किती पैसे लागतात, हा प्रश्न गेल्या वर्षभरात आम्हाला निदान पंधरा-वीस जणांनी विचारला असेल. शाळेत पालक विचारतात, लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात. आम्ही शिक्षक माणसं. उर्दू आणि मराठी शिकवणं एवढाच आमचा धंदा. पण आमच्या घरातून स्वस्त कापडाचं एक छोटं ऑनलाइन दुकान चालतं, हे हिंगणघाटात आता बऱ्याच जणांना ठाऊक झालं आहे. म्हणून त्याची हकीकत आणि हिशोब एकदा नीट लिहून काढावा, कुणाला उपयोग झाला तर होईल, असं वाटलं.

दुकान आमचं नाही, भाभींचं आहे. आमचे थोरले भाऊ १८ वर्षं गावातल्या एका कापड दुकानात सेल्समन होते. त्यांचा अचानक इंतकाल झाला. इद्दत संपली तेव्हा भाभींसमोर दोन मुली होत्या, एक नववीत आणि एक सहावीत, आणि बचत म्हणावी अशी काही नव्हती. आम्ही नवरा-बायको जमेल तेवढं करत होतो. पण एक दिवस भाभी म्हणाल्या, "भाई, तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच दर महिन्याला मागणं जड जातं." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

भाभींना दोन गोष्टी येत होत्या. एक शिवण, आणि दुसरी कापडाची पारख. भाऊ रात्री जेवताना दुकानातल्या गोष्टी सांगायचे. कोणतं कापड धुतल्यावर आटतं, कोणत्याचा रंग जातो, हे ऐकून-ऐकून आणि हाताने चोळून-चोळून त्यांना पाठ झालं होतं. गावात गाळा घ्यायचा तर अनामत आणि भाडं परवडणारं नव्हतं. फोन मात्र हातात होता.

भांडवल आलं भिशीतून. मोहल्ल्यातल्या वीस जणी महिन्याला १,००० रुपये भरतात, दर महिन्याला एकीचा नंबर लागतो. भाभींचा चौथा नंबर लागला आणि २०,००० रुपये एकरकमी हाती आले. व्याज नाही, कागदपत्रं नाहीत. फक्त पुढचे सोळा हप्ते न चुकता भरायचे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली. आम्ही शाळेत नोकरीला. शिक्षकाने स्वतः व्यापार करणं सेवाशर्तींत बसत नाही. म्हणून बँक खातं, यूपीआय आणि उद्यम नोंदणी सगळं भाभींच्या नावावर. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, आधार आणि पॅन पुरतं. तिच्यासाठी पैसे मागणारी दुसरी संकेतस्थळंही दिसतात, त्यांच्यापासून सांभाळून राहावं. आम्ही दोघं फक्त हिशोबाची वही आणि मराठी लिखाण बघतो.

पहिला प्रश्न होता तो सुटीचा. सूट द्यायची, पण ती येणार कुठून? आपण दहा रुपये कमी घेतो, ते दहा रुपये कुणाच्या तरी खिशातून जातात. ते कुणाच्या खिशातून गेले हे ज्याला सांगता येत नाही, त्याची सूट एक तर खोटी असते किंवा फार दिवस टिकत नाही.

मोठ्यांचं उदाहरण घ्या. राधाकिशन दमानी यांनी २००२ साली मुंबईत पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान काढलं. तिथला माल स्वस्त का, तर बहुतेक जागा स्वतःच्या, त्यामुळे भाडं नाही, आणि पुरवठादाराला पैसे लवकर देऊन त्याच्याकडून भाव कमी करून घ्यायचा. दुसरं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं आहे. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत दुकान न काढताच स्वस्त माल देत आली आहे. सभासद कुटुंबांचे लहान-लहान गट असतात. महिन्याची यादी आधी द्यायची, संस्था एकत्र घाऊक खरेदी करते, माल गटाकडे येतो आणि कुटुंबं तो आपापसात वाटून घेतात. मागणी आधीच ठाऊक असल्यामुळे माल पडून राहत नाही. दोन्हीकडे सूट कामाच्या रीतीतून निघते.

भाभींनीही आपली सूट शोधली. भाडं नाही, हे एक. रोख खरेदी, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे मालाची निवड. नागपूर इथून पाऊणशे किलोमीटरवर. तिथे गांधीबागेत कापडाची घाऊक पेठ आहे. नव्या फॅशनचा माल सगळेच घेतात. पण कटपीस, हंगाम संपल्यावर उरलेले लॉट आणि किरकोळ दोष असलेले 'सेकंड' नग स्वस्तात सुटतात. पारख नसणारा तिथे फसतो. ज्याला पारख आहे त्याच्यासाठी तीच कमाई. सकाळच्या गाडीने जायचं, प्रत्येक पीस उलगडून उजेडात धरायचा आणि मगच पैसे द्यायचे, अशी त्यांची पद्धत आहे.

त्या २०,००० ची विभागणी अशी झाली: माल १२,०००, नागपूरच्या दोन फेऱ्या ८००, पाकिटं, चिकटपट्टी आणि लेबलं ९००, डिजिटल वजनकाटा ६००, पांढरी चादर, बल्ब आणि फोनचा स्टँड ७००. उरलेल्या ५,००० ला हात लावायचा नाही असं ठरलं. नव्या दुकानाचे पैसे पहिल्याच खरेदीत संपले की पुढे चांगला लॉट समोर आला तरी घेता येत नाही. संकेतस्थळ बनवून देतो म्हणणारे दोघे-तिघे भेटले, पण त्याची गरजच नव्हती. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग मोफत मांडता येतो. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलेला आहे. म्हणून भाभींनी पहिला महिना कापड विकण्यापेक्षा "माझा नंबर सेव्ह कर गं" हे सांगण्यातच घालवला.

खरं काम होतं ते वर्णन लिहिण्याचं. फोनवर रंग कधीच खरा दिसत नाही. 'पिंक' म्हटलं तर दहा जणींच्या मनात दहा रंग येतात. म्हणून आम्ही बायकांच्या तोंडातले शब्द वापरायला सुरुवात केली: मोरपंखी, गुलबक्षी, अबोली, मेंदी, जांभळा. दिवसाच्या उजेडातला फोटो दारात काढायचा आणि शेजारी ओळखीची एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे रंगाचा अंदाज येतो. प्रत्येक पीस मीटरपट्टीने मोजायचा. कटपीस अडीच मीटर म्हणून येतो आणि कधी सव्वादोनच भरतो. जे भरेल तेच लिहायचं.

दोषाचा फोटो मात्र सर्वांत आधी टाकायचा, हा भाभींचा नियम. कुठे धागा सुटला आहे, कुठे छपाई सरकली आहे, तिथे बोट ठेवून फोटो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतला माल ओला लागला, तेव्हा ओल वरच ठेवा म्हणजे लोकांना दिसेल, असं त्यांनी बजावलं होतं, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. भाभी तो रोज पाळतात. त्याचा व्यवहारातही फायदा झाला: सेकंडचा माल परत येण्याचं प्रमाण जवळजवळ नाही, कारण घेणारीला आधीच सगळं ठाऊक असतं. पट्टी लावून किंवा लेस जोडून दोष कसा झाकेल, तेही भाभी सांगतात.

आमच्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने दोन सूचना केल्या. पहिली, माल न घेताच घाऊक व्यापाऱ्याचे फोटो टाकायचे आणि ऑर्डर आली की तिकडूनच पाठवायला सांगायचं. भांडवल शून्य. भाभींनी नकार दिला. जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, ही शिकवण तर आहेच; शिवाय जे कापड आपल्या बोटांनी पाहिलंच नाही, त्याची हमी कशी द्यायची? दुसरी सूचना, '९९९' लिहून त्यावर काट मारायची आणि खाली '३९९' लिहायचं, "सगळेच करतात, मामी." सगळे करतात हे खरं. पण जी किंमत कधी घेतलीच नव्हती ती खोडण्यात अर्थ काय? नेहमीच्या किमतीबद्दल ग्राहकाची दिशाभूल करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. 'फक्त दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई लावणं हेही केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी निषिद्ध ठरवलं आहे.

त्याऐवजी भाभी हिशोब सांगतात. एका ड्रेस पीसचं उदाहरण: खरेदी ३१०, प्रवासाचा वाटा १४, पाकीट-लेबल ८, खराब मालासाठी राखीव १०, मजुरी ४०. झाले ३८२. विक्री ३९० ला. तसाच नग गावात साडेचारशे ते पाचशेला मिळतो. यातल्या मजुरीच्या ४० रुपयांवरून घरात बराच वाद झाला. अम्मी म्हणाल्या, घरच्या कामाची मजुरी कसली? पण आमचं मत ठाम होतं. बाईच्या वेळेची किंमत शून्य धरून दिलेली सूट ही तिच्याच अंगावरून दिलेली सूट. अशी दुकानं सहा महिन्यांत का बंद पडतात, तर कष्ट खूप आणि हाती काही नाही. टपालखर्च वेगळा दाखवायचा. 'फ्री डिलिव्हरी' म्हणून तो किमतीत लपवायचा नाही. गावातल्या गावात मुली शाळेतून येता-जाता पोहोचवतात, त्याचे पैसे नाहीत.

कायद्याच्या दोन गोष्टी अशा नव्या भगिनींनी लक्षात ठेवाव्यात. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि कापड महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातच विकत असाल, तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, साधारणपणे नोंदणी लागते. आदिलाबादच्या आमच्या चुलत बहिणीने सहा सूट मागितले तेव्हा भाभींना नाही म्हणावं लागलं. दुसरी गोष्ट पैशांची. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेत जमा झालेले दिसल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही. आणि पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र हिशोबाचा नव्हता. भाऊ ज्या दुकानात होते, त्या शेठजींच्या पगारावर हे घर १८ वर्षं चाललं. आता त्यांच्याच गिऱ्हाइकांना स्वस्त कापड विकायचं? भाभी स्वतः जाऊन त्यांना भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या दुकानात जो माल आहे, तो मी ठेवणार नाही." शेठजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दिवाळीनंतर माझा उरलेला माल गोदामात पडून राहतो. तो घेऊन जा, विकला की पैसे द्या." आज भाभींच्या दुकानाचा जवळपास चौथा हिस्सा माल तिथूनच येतो. शेठजींचं गोदाम मोकळं होतं आणि भाभींचं भांडवल अडकत नाही.

आपल्या वर्ध्यात मगनवाडीला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचा आग्रह असे की वस्तू घेताना ती कोणी, कोणत्या परिस्थितीत बनवली याची चौकशी करणं हे ग्राहकाचं कर्तव्य आहे. स्वस्त वस्तूच्या बाबतीत तर हे अधिकच खरं. ज्या स्वस्ताईत विणकराची, शिवणाऱ्या बाईची किंवा शेजारच्या दुकानदाराची रोजी बुडते, ती आपल्यालाही महाग पडते.

काही बुजुर्गांनी कुरकुर केली, की बाईमाणसाने एकटीने पेठेत जाणं बरं नाही. त्यांना आम्ही अदबीने एवढंच सांगितलं, की हजरत खदीजा (रजि.) या व्यापार करत होत्या आणि त्यांच्या व्यापारातला सचोटीचा कारभार आपण मुलांना शिकवतो. आता भाभींबरोबर मोहल्ल्यातल्या आणखी दोघी नागपूरला जातात. प्रवासखर्चही तिघींत वाटला जातो.

दुकानाला एक वर्ष झालं. महिन्याला सरासरी शंभर नग जातात आणि मजुरी धरून साडेचार ते पाच हजार भाभींच्या हाती पडतात. रमजानमध्ये दुप्पट, पावसाळ्यात निम्मे. एवढ्यात घर चालत नाही, शिवणकाम सुरूच आहे. पण मुलींची फी आणि भिशीचा हप्ता दुकानातून निघतो. चार हप्ते राहिले आहेत. थोरली दहावीत गेली. वहीतली बेरीज आता तीच करते आणि आमची एखादी चूक दिसली की लाल पेनने खूण करते.

तेव्हा ज्या भगिनी विचारतात की किती पैसे लागतात, त्यांना आमचं उत्तर असं: वीस हजारांत होतं, दहा हजारांतही होईल. आधी आपल्याला कशाची पारख आहे ते ठरवा. मग कागद घेऊन लिहा, आपण सूट कुठून देणार. तो कागद शेजारणीला वाचून दाखवता आला, तर दुकान सुरू करा. अल्लाह प्रत्येक कष्टाळू हाताच्या रोजीत बरकत देवो. आमीन.