श्रीवर्धनची थंडी

डिसेंबर अर्धा सरला की श्रीवर्धनला पहाटे मतलई वारा सुटतो. दिवसभर समुद्रावरून येणारा खारा वारा रात्री पडतो आणि डोंगराकडचा गार वारा पोफळींच्या वाड्यांमधून वाट काढत समुद्राकडे निघतो. पडवीत निजलेली माणसं पायाशी ठेवलेली गोधडी झोपेतच वर ओढतात. न्हाणीघराच्या चुलीवर हंडा तापत असतो. खोबरेल चोविसाच्या खाली थिजतं, म्हणून सकाळी तेलाची बाटली आधी उन्हात जाते आणि मग माणसं. पारा पंधराच्या खाली क्वचितच उतरतो, पण ही एवढीशी थंडी फार मोलाची. तिच्यावर आंब्याचा मोहोर अवलंबून असतो. त्यामुळे ‘यंदा थंडी कशी आहे?’ या प्रश्नामागे येणाऱ्या मे महिन्याची काळजी असते.

इथली जुनी घरंही या हवेला धरूनच बांधलेली. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागीलदारी विहीर, विहिरीमागे वाडी आणि वाडीच्या टोकाला सुरूचं बन व समुद्र. दारं आहेत, पण ती दिवसा लावायची नसतात. अशा घरात वाढलेल्या माणसाचा हवेवर विश्वास असतो. बाहेर पडताना तो फार तर आभाळाकडे बघतो. हवा जीव घेऊ शकते, असं त्याच्या मनात येत नाही. वादळ येतं तेव्हाची गोष्ट वेगळी.

शिक्षण आणि नोकरीसाठी मी मुंबईला गेले, पण समुद्र तोच राहिला. मुंबईत सांताक्रूझला आजवरची सर्वात कडक थंडी नोंदली गेली ती २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंश. जुनी माणसं अजून तिच्याबद्दल बोलतात. माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्ही टोरांटोला राहायला गेलो. तिथे मार्च महिन्यात सात अंश झाले की माणसं जाकिटाची बटणं सोडून हिंडतात.

शरीर थंडीला सरावतं. आईबापांच्या मनाला मात्र वेळ लागतो. किनाऱ्यावर आम्ही आयुष्यभर सुती कपड्यांवर भिस्त ठेवलेली. तिथे कळलं की बर्फात अंगालगत सुती कपडा नको. सूत घाम धरून ठेवतं आणि तो ओलावाच अंग गारठवतो. आत घाम बाहेर टाकणारा कपडा, त्यावर लोकर, सगळ्यात वर वारा अडवणारा कोट. हातमोजे चार बोटं एकत्र राहतील असे, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. गाडीत मुलाला बसवताना जाड कोट काढून पट्टा लावायचा, कारण धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर बाळासाठी ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब लिहून देतात. आमच्याकडे तान्ह्याला कोवळ्या उन्हात धरतात, ते ऊन तिथे चार महिने भेटत नाही. बाळंतपणाला गेलेल्या आजीने न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी देऊ म्हटलं, तर छतावरचा धुराचा भोंगा ओरडतो. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बाळसंगोपनाचं निम्मं शहाणपण तिथे बंद ट्रंकेत राहतं आणि निम्मं नव्याने शिकावं लागतं.

आपल्या माणसांना कडक थंडी काही नवी नाही, आणि तिची एक गोष्ट तर श्रीवर्धनच्याच घराण्याची आहे. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथले. सिद्दीच्या जाचामुळे त्यांना हा किनारा सोडावा लागला. १७१९ मध्ये ते फौजेसह दिल्लीपर्यंत गेले आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. चाळीस-एक वर्षांनी त्यांचा नातू सदाशिवरावभाऊ आणि पणतू विश्वासराव पानिपतावर होते. नोव्हेंबर १७६० पासून दोन-अडीच महिने मराठ्यांचा तळ तिथे अडकून पडला. उत्तरेचा हिवाळा, रसद तुटलेली, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत आणि लष्करासोबत हजारो बायका-मुलं. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत अठरा वर्षांचा विश्वासराव पडला. त्याचा बाप नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर वारला. शाळेत या लढाईचा अभ्यास करताना माझं लक्ष तोफा आणि व्यूहरचनेकडे असे. मुलगी झाल्यावर, आणि विशेषतः पहिला बर्फ पाहिल्यावर, मला त्या तळावरच्या आया दिसू लागल्या. रात्री मुलाला कशात गुंडाळत असतील? श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथांचा पुतळा आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की आता मला आधी त्या आया आठवतात.

टोरांटोत मला सावरलं ते पाण्याने. शहर ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठावर आहे. हे सरोवर इतकं खोल आहे की कडाक्याच्या हिवाळ्यातही ते सहसा पूर्ण गोठत नाही. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, म्हणून काठावरची थंडी आतल्या मुलखापेक्षा थोडी सौम्य असते. श्रीवर्धनची रात्र घाटावरच्या रात्रीपेक्षा उबदार असते ती याच कारणाने. हे लक्षात आल्यावर त्या परक्या हवेतलं निदान एक कलम मला ओळखीचं वाटलं. मुलीला घेऊन मी सरोवराकाठी जाऊ लागले. सुरुवातीला ती बर्फात लोळायची आणि मी टोपी, गळपट्टा, मोजे पुन्हा पुन्हा तपासत उभी असायचे. तिला थंडी वाजत नव्हती. माझा जीव मात्र खालीवर होत होता.

एका नाताळच्या सुट्टीत आम्ही श्रीवर्धनला आलो. रायगडच्या हिवाळ्याचं खरं सुख म्हणजे पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कुणाकडे कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. सगळं घर, शेजारपाजार त्या जाळाभोवती जमतं. त्या रात्री मुलगी पातळ फ्रॉकमध्ये, अनवाणी, वाडीत धावत होती. आई मला म्हणाली, “अगं, कानटोपी घाल तिला, वारं लागेल.” मुलगी थांबली आणि आजीला म्हणाली, “आजी, थंडी कुठेय?” आई तिच्याकडे बघत राहिली, मग तिने कानटोपी परत खिशात टाकली.

माझी हवा ही माझ्या मुलीची हवा नाही, हे मला त्या जाळापाशी पुरतं उमगलं. ती ज्या हवेत वाढते ती तिची. तिला माझ्याकडून कपडे हवेत, सावधपणा हवा, पण माझी धास्ती नको. पोफळीचं रोप लावताना उन्हाने करपू नये म्हणून त्याच्याशेजारी केळ लावतात. रोप मोठं झालं की त्याला त्या सावलीची गरज उरत नाही. आईबापांची काळजीही तशीच असायला हवी, वेळेवर बाजूला होणारी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या केल्या. रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या या गावात पिढ्यांनी वाढवलेल्या पोफळी आणि माड एका दिवसात पडले. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, हे ठाऊक असूनही माणसांनी वाड्या साफ करून पुन्हा रोपं लावली, शेजारी केळी लावल्या आणि शिंपणं सुरू केलं. ज्या हवेवर एवढा विश्वास तिनेच एवढं नुकसान केलं, तरी तिच्याशी वैर धरायचं नाही, तिच्या कलाने पुन्हा उभं राहायचं, हे श्रीवर्धनकरांना जमतं. परदेशी थंडीत मूल वाढवणाऱ्याला याहून उपयोगी शिदोरी नाही.

म्हणून परदेशातल्या कोकणी आईबापांना माझं सांगणं आहे. मुलांना फक्त मे महिन्यात, आंब्यासाठी गावी नेऊ नका. एखाद्या तरी डिसेंबरात न्या. आपल्या गावालाही हिवाळा आहे, तो आंब्याला मोहोर देतो आणि पोपटीच्या जाळाभोवती माणसं जमवतो, हे त्यांना अनुभवू द्या. आणि इथल्या आजी-आजोबांना विनंती आहे. फोनवर नातवंडांना ‘बाळा, फार थंडी आहे का रे तिकडे?’ असं कळवळून विचारू नका. आज बर्फात काय खेळलास, ते विचारा.