बटण कोणाच्या हाती?

विजेचा पहिला दिवा घरात लागला तेव्हाचे नवल आपल्या वडीलधाऱ्यांनी डोळे भरून पाहिले. आता त्याच विजेला शेकडो कोसांवरून हुकूम सोडण्याची सोय निघाली आहे. स्मार्ट प्लग, मोबाइलवरून लागणारे दिवे, कॅमेरे अशा वस्तू लहान गावांतही पोहोचल्या आहेत, आणि परगावी नोकरीस असलेली मुले त्या आईवडिलांच्या घरी बसवू पाहत आहेत. त्या घ्याव्यात की नाहीत, आणि घ्यावयाच्या तर काय पाहून, हा प्रश्न आमच्याही घरी उभा राहिला. त्याचा निकाल कसा लागला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे बिऱ्हाड बरीच वर्षे ग्वाल्हेरीस आहे. शिंदे सरकारांच्या काळापासून येथील लष्कर भागात मराठी घरे नांदत आली आहेत. येथील जयविलास महाल सर मायकेल फिलोज यांच्या आराखड्यावरून १८७४ साली उभा राहिला. त्याच्या भोजनगृहातील लांबलचक मेजावर रूळ बसविलेले असून त्यांवर विजेवर चालणारी चांदीची आगगाडी आहे. पाहुण्यांपुढून ती मद्याच्या सुरया व चिरूट घेऊन फिरे. कोणी सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे, आणि सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. ती चालविण्याची बटणे मात्र यजमान महाराजांच्या हाताशी असत. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या पुस्तकात अशी गोष्ट आहे की, एका मेजवानीच्या रात्री तारांत बिघाड होऊन ती गाडी बेफाम धावली व पाहुण्यांच्या अंगावर अन्न सांडले. गोष्टीत तिखटमीठ किती ते असो. आपोआप चालणारी वस्तू घरात आणली की ती थांबवावयाची कशी, हे आधी ठाऊक हवे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

स्मार्ट प्लग म्हणजे भिंतीवरील सॉकेट आणि आपले उपकरण यांच्यामध्ये बसणारा लहानसा डबा. त्याच्या आत एक विजेचे बटण व एक बिनतारी यंत्र असते. घरातील वायफायवरून निरोप आला की तो वीज सोडतो किंवा तोडतो. काही प्लग वीज किती खर्च झाली तेही सांगतात. बहुतेक प्लग २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. आमच्यासारख्या जाड दगडी भिंतींच्या घरात या लहरी आतल्या खोलीत पोहोचतात की नाही, हे मोबाइल हाती घेऊन आधीच पाहावे.

आमचा पुतण्या पुण्यास नोकरी करतो. त्याच्या आजीचे, म्हणजे आमच्या आईचे, वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. गेल्या हिवाळ्यात तो यादीच घेऊन आला: गीझर, हीटर, पाण्याचा पंप, पलंगाजवळचा दिवा, चहाची विजेची किटली आणि शेवटी आजीच्या खोलीत कॅमेरा. यादी वाईट हेतूने केलेली नव्हती. दूर राहणाऱ्या मुलाची काळजी तिच्यात उतरली होती. म्हणून आम्ही ती बाजूस न सारता, एकेका वस्तूचा विचार करावयास बसलो.

प्रथम हिशेब मांडला. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. ६ अँपिअरचा प्लग १३८० वॅटपर्यंतच पुरतो. तेव्हा गीझरास लहान प्लग लावणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय. तेथे १६ अँपिअरचा, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेला प्लगच हवा, आणि भिंतीतील तारही तेवढ्याच ताकदीची हवी. गीझर पहाटे अर्धा तास लागून आपोआप बंद होतो, ही सोय खरोखर उपयोगी वाटली, ती ठेवली. हीटर मात्र यादीतून काढला. पुण्याहून बटण दाबणाऱ्यास हीटरवर वाळत टाकलेला टॉवेल दिसत नाही. पंपही वगळला, कारण सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते आणि लहान प्लग त्याने जळू शकतो.

दिव्याचा हिशेब तर हसू आणणारा निघाला. ९ वॅटचा दिवा रोज चार तास जळला तर वर्षाला सुमारे १३ युनिटे लागतात. प्लग स्वतः दिवसरात्र एक वॅट खात राहिला तर त्याची वर्षाला जवळजवळ ९ युनिटे होतात. बचतीसाठी दिव्याला प्लग लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण आईस अंधारात उठावे लागू नये म्हणून तो दिवा सायंकाळी आपोआप लागावा, हे कारण आम्हांस पटले. तेथे बचत पाहिली नाही.

दुसरी गोष्ट कंपनीची. २०१४ साली नेस्ट कंपनीने ‘रिव्हॉल्व्ह’ हे घरातील उपकरणे जोडणारे यंत्र विकत घेतले आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातील चांगली यंत्रे एका दिवसात निकामी झाली. बेल्किन कंपनीनेही आपल्या बहुतेक ‘वीमो’ वस्तूंची सेवा ३१ जानेवारी २०२६ पासून बंद करण्याचे आधीच्या वर्षी जाहीर केले. म्हणून इंटरनेट नसतानाही घरातल्या घरात चालेल आणि ज्यावर हाताने दाबावयाचे बटण आहे, असाच प्लग घ्यावा. २०२२ साली ‘मॅटर’ नावाचे सामाईक मानक निघाले. ते पाळणाऱ्या वस्तू निरनिराळ्या कंपन्यांच्या असूनही घरच्या जाळ्यातच एकमेकींशी बोलू शकतात. तसेच वीज जाऊन परत आली की गीझरचा प्लग बंदच राहावा, अशी योजना त्यात करून ठेवावी.

तिसरी गोष्ट कुलपाची. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रणालीने लोकांच्या घरचे असंख्य कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यात घेऊन इंटरनेटवरील मोठमोठ्या सेवा ठप्प केल्या. त्या यंत्रांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच राहिले होते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून असे सर्रास वापरले जाणारे पासवर्ड कायद्याने बंद झाले. आपण तर वस्तू घरी येताच पासवर्ड बदलावा.

राहिली किटली. पुतण्याने तिला वीज मोजणारा प्लग लावला. पहाटे किटली तापली की आजी उठल्याचे त्यास पुण्यात कळे. एके सकाळी वीज नव्हती. आईने गॅसवर चहा केला. किटली गप्प पाहून त्याचा जीव उडाला आणि त्याने शेजाऱ्यांस फोन केले. शेजारी धावत आले तेव्हा आई चहा पीत बसली होती. प्रकार कळल्यावर ती फोनवर त्यास म्हणाली, “अरे, मी उठले की नाही हे किटलीला काय विचारतोस? मला विचार ना.”

तो म्हणाला, “आजी, तुझी झोपमोड होईल म्हणून.”

“माझी झोप चारलाच मोडते, बाळा. आणि खोलीत कॅमेरा नको हो. लुगडं नेसताना कुणी पाहतंय असं वाटत राहील.”

यावर वाद झाला नाही. कॅमेरा आला नाही, किटलीचा प्लग निघाला. पुतण्या आता रोज सकाळी सात वाजता फोन करतो. गीझर व दिवा राहिले, आणि त्यांची बटणे आईस तिच्या हाताने दाबून दाखविली आहेत.

वाचकहो, आपली मुले अशा वस्तू घेऊन येतील तेव्हा त्यांचा उत्साह मोडू नका. मात्र ज्या वृद्धासाठी वस्तू आणावयाची त्यास आधी विचारा. ती काय पाहते आणि कोणास सांगते, हे त्यास समजावून द्या. आणि तिचे बटण त्याच्या हातास सापडेल अशा जागी बसवा.