सरकणारा उंबरठा

हल्ली लॅपटॉपचा चार्जर खिशात मावायला लागलाय. त्याचं बरंचसं श्रेय गॅलियम नायट्राईडच्या ट्रान्झिस्टरला. सिलिकॉनचा बँडगॅप १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, याचा ३.४. त्यामुळे पातळ चिपसुद्धा जास्त व्होल्टेज सोसते. शिवाय हा चालू-बंद झटपट होतो, आणि वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो. इथवर छान!

पण या गड्याची एक खोड आहे: थ्रेशोल्ड व्होल्टेज. म्हणजे उंबरठा. गेटवर तेवढे व्होल्ट आले की ट्रान्झिस्टर चालू. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हा आकडा दिलेला असायचा, समीकरणात टाकला की झालं. इथे मात्र तो सरकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कॉन्स्टंट म्हणून घेतलेला आकडा व्हेरिएबल निघतो.

मुळात हा ट्रान्झिस्टर गेटला काहीच न देता चालू असतो. पॉवर सर्किटमध्ये ते परवडत नाही. म्हणून गेटखाली मॅग्नेशियम मिसळलेला पी-प्रकारचा थर देतात, की उंबरठा येतो साधारण १ ते २ व्होल्टवर. गंमत म्हणजे गॅलियम नायट्राईड पी-प्रकारचं करणंच कित्येक वर्षं जमत नव्हतं. आकासाकी आणि अमानो यांनी ते १९८९ मध्ये जमवलं, निळ्या एलईडीसाठी. २०१४ च्या नोबेलमागे तेही काम होतं.

आता मेख अशी, की हा थर बऱ्याच रचनांमध्ये कुठेच घट्ट जोडलेला नसतो, अधांतरी असतो. बंद अवस्थेत ड्रेनवर ४०० व्होल्ट आले की त्यातले होल निघून जातात आणि चालू करताना लगेच परतत नाहीत. उंबरठा वर सरकतो, रोध वाढतो, चिप तापते. उलट तो खाली सरकला तर आणखी वाईट. जोडीतला दुसरा ट्रान्झिस्टर चालू होताना बसलेल्या धक्क्याने बंद असलेलाही उघडतो, आणि मग थेट शॉर्ट!

उपाय आहेत, पण फुकट एकही नाही. पॅनासॉनिकने २००७ मध्ये गेटमधून मुद्दाम होल आत सोडणारी रचना मांडली. त्याने उंबरठा बराच स्थिरावतो, पण चालू असेपर्यंत गेटला थोडा करंट पुरवत राहावा लागतो. गेटखाली इन्सुलेटर घातला तर गळती थांबते, पण त्याच्या सीमेवरच्या सापळ्यांत इलेक्ट्रॉन अडकतात आणि उंबरठा पुन्हा हलतो. तिसरा मार्ग म्हणजे सोबत कमी व्होल्टेजचा सिलिकॉन मॉसफेट जोडायचा आणि उंबरठा त्याचा वापरायचा. शेवटी आजोबांचाच आधार!

मला यात महत्त्वाची वाटते ती मोजण्याची पद्धत. आराम करून ताज्या झालेल्या ट्रान्झिस्टरचा उंबरठा चांगलाच दिसणार. तो मोजायला हवा ताण दिल्यावर, लगेच, काही मायक्रोसेकंदांत. आपलं सॉफ्टवेअर ज्या डेटा सेंटरमध्ये चालतं, तिथल्या पॉवर सप्लायमध्येही आता हे ट्रान्झिस्टर आलेत. तिथे आराम कुठला? तेव्हा डेटाशीटमधला आकडा वाचलात की तो कसा मोजलाय तेही बघा.