चोविसाव्या हिश्श्याचे गाव

नागोया सोडले की बुलेट गाडीच्या खिडकीतून आधी कारखान्यांची आणि घरांची दाटी दिसते, मग हामाना सरोवराचे रुंद पाणी लागते आणि पाठोपाठ हामामात्सू शहर येते. आपल्याकडे गल्लोगल्ली फिरणाऱ्या सुझुकी मोटारींचे मूळ घर हेच. पुढे डोंगरउतारांवर चहाचे मळे सुरू होतात. न्हाव्याने नीट कंगवा फिरवावा तशा त्यांच्या ओळी. बोगदे आणि नद्या मागे पडतात आणि तासाभराच्या प्रवासानंतर शिझुओका स्थानक येते.

२०२५ च्या मे महिन्यात मुलाबरोबर मी या गावी गेलो. तो गेली वीस वर्षे नागोयात नोकरी करतो. वयाची पन्नाशी गाठलेला हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी टेबलावर दिवा लावून हातभर लांबीसुद्धा नसलेल्या मोटारी जोडीत बसतो, हे मला सूनबाईंच्या पत्रांतून ठाऊक होते. पण पटलेले नव्हते. "खऱ्या मोटारींचे गाव मागे टाकून तू मला खोट्या मोटारींच्या गावाला घेऊन चाललास," असे मी गाडीत थट्टेने म्हणालो. तो नुसता हसला. मांडीवरची पुठ्ठ्याची पेटी मात्र त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तिच्यात काय आहे, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

शिझुओका हे जुने गाव. एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो राजमार्गावरील एकोणिसावा मुक्काम येथे होता. राज्यकारभार मुलाच्या हाती सोपवून तोकुगावा इएयासू १६०७ साली येथील सुन्पू किल्ल्यात राहावयास आला आणि १६१६ साली येथेच वारला. किल्ल्याच्या आणि देवस्थानांच्या बांधकामासाठी ठिकठिकाणचे सुतार, नक्षीकाम करणारे आणि लाखेचे कारागीर येथे जमले. एकोणिसाव्या शतकात सेन्गेन देवस्थानाची मंदिरे नव्याने उभारली, तेव्हाही अनेक वर्षे हातांना काम मिळाले. काम संपले तरी कारागीर परत गेले नाहीत. त्यांच्या वंशजांनी कपाटे, पेट्या, लाकडी पादत्राणे आणि बाहुल्यांच्या सणाला लागणारे चिमुकले सामान करण्यास आरंभ केला. मोठे काम करणारा हात अशा रीतीने लहान कामाकडे वळला.

पुढे विमानांचे युग आले. आओशिमा नावाच्या येथील एका वैमानिकाने १९२४ साली विमानसंशोधनाची संस्था काढली. तिच्यातूनच पुढे लाकडी विमानांच्या प्रतिकृतींचा धंदा वाढला. जून १९४५ मधील हवाई हल्ल्यात शहराचा मोठा भाग जळून गेला. त्या राखेतून उठलेल्या गावात १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकूडव्यापार सुरू केला. घरे बांधण्यास लागणारे लाकूड कापायचे आणि उरलेल्या लाकडाच्या जहाजांच्या व विमानांच्या प्रतिकृती करायच्या, असा तो व्यवसाय होता. १९५१ साली आग लागून वखार भस्मसात झाली. तेव्हा इमारती लाकडाचा मोठा धंदा हळूहळू सोडून देऊन त्यांनी १९५३ पासून केवळ प्रतिकृतींवर भर दिला.

पण संकटे एकेकटी येत नाहीत. थोड्याच वर्षांत अमेरिकेतून प्लॅस्टिकचे संच येऊ लागले आणि लाकडी जहाजे दुकानांत धूळ खात पडली. थोरले चिरंजीव शुन्साकु १९५८ मध्ये वडिलांच्या हाताखाली आले होते. त्यांनी उसनवारी करून साचे करविले आणि १९६० साली 'यामातो' या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिक संच बाजारात आणला. दुर्दैवाने त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीने तीच नौका कमी किमतीत विकावयास काढली. तामियांनाही भाव उतरवावा लागला आणि खर्चही भरून निघाला नाही. अशा वेळी त्यांना तारले ते एका छोट्याशा शर्यतीच्या मोटारीने! एका जुन्या खेळण्याचा तयार साचा हाती आला. त्यातून काढलेली 'बेबी रेसर' ही स्वस्त मोटार मुलांनी उचलून धरली आणि दुकान तगले. तांबडा तारा आणि निळा तारा हे या कंपनीचे चिन्ह शुन्साकुंच्या धाकट्या भावाने रेखाटले. तांबडा उत्साहाचा आणि निळा अचूकपणाचा, असा त्याचा अर्थ सांगतात.

स्थानकाच्या दक्षिणेस 'हॉबी स्क्वेअर' नावाचे प्रदर्शन आहे. गावातील निरनिराळ्या कंपन्यांचे जुने-नवे संच तेथे मांडलेले असतात. शहरानेही हा व्यवसाय कौतुकाने मिरविला आहे. संचातील भाग एका चौकटीला चिकटून येतात आणि ते कापून सुटे करावे लागतात. तशाच माणसाहून उंच चौकटी चौकांत उभ्या केल्या आहेत. अशा एका चौकटीत खरीखुरी टपालपेटी बसविली आहे. तीत मी सूनबाईंना कार्ड टाकले. ते पोहोचले.

येथेच मुलाने मला पोर्शे मोटारीची हकीकत सांगितली. १९७६ मध्ये तामियांनी पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीचा बाराव्या हिश्श्याचा संच काढला. त्यासाठी शुन्साकु जर्मनीला जाऊन आले, छायाचित्रे काढली, मापे घेतली. तरीही समाधान होईना. तेव्हा त्यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती स्क्रूस्क्रूने उकलून पाहिली. बाराव्या हिश्श्याचे खेळणे करण्यासाठी आख्खी मोटार मोडली! मी म्हणालो, "हा तर वेडेपणाच." तो म्हणाला, "बाबा, लहान करायचे तर आधी मोठे पुरते ठाऊक हवे. नाही तर मग ते खेळणेच होते."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले आणि एक जुनी दिवाळी आठवली. वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या घराच्या अंगणात मुले दरवर्षी मातीचा किल्ला करीत. आपण महाराष्ट्र सोडून किती पिढ्या लोटल्या, तरी किल्ला सुटला नाही. विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, त्यावर उगविलेले हळीव आणि पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे मावळे. सात-आठ वर्षांच्या या मुलाने त्या वर्षी किल्ल्याच्या पायथ्याशी रस्ता काढला आणि त्यावर काडेपेटीची, बटणांच्या चाकांची एक मोटार ठेवली. "शिवकाळात मोटार कुठून आली रे?" असे ओरडून मी ती उचलून फेकून दिली होती. तो काही बोलला नव्हता. तसाच आजही कमी बोलतो.

दुपारी आम्ही 'ट्विन मेस्से' नावाच्या भव्य सभागृहात गेलो. दरवर्षी मे महिन्यात येथे प्रदर्शन भरते. एका भागात कंपन्या नवे संच मांडतात, तर दुसऱ्या भागात १९९० पासून हौशी मंडळांचे संयुक्त प्रदर्शन असते. लांबच लांब टेबले, त्यांवर पांढरे कापड आणि कापडावर हजारो प्रतिकृती. मागे खुर्च्यांवर बसलेले त्यांचे कर्ते. कोणी निवृत्त, कोणी शाळकरी, कोणी बापलेक. बोलणे हळू आवाजात. हात पाठीशी बांधून वाकून पाहायचे, असा तेथला रिवाज.

मोटारींच्या टेबलांपाशी मुलाने मला एकेक खुबी दाखविली. जपानी मोटारींचे संच बहुधा चोविसाव्या हिश्श्याचे असतात. भाग चौकटीतून कापायचा, कापल्याची खूण कानशीने काढायची, सांध्यांत लांबी भरायची, मग बारीक, त्याहून बारीक पॉलिशपेपरने पाण्यात घासायचे. त्यावर अस्तर, अस्तरावर रंगाचे विरळ थर. दशांश मिलिमीटर जाडीचा रंग चोवीसपट केला तर जवळजवळ अडीच मिलिमीटरांचा गिलावा होतो. म्हणून दारांच्या फटी बुजू नयेत इतका तो पातळ हवा. चकाकणाऱ्या रंगातील धातूचा कणसुद्धा या मापात खड्याएवढा दिसतो. खरा रंग जसाच्या तसा लावला तर छोट्या मोटारीवर तो गडद भासतो, म्हणून किंचित उजळ करावा लागतो. थोडक्यात, खरे दिसण्यासाठी खऱ्याची नक्कल पुरत नाही, तारतम्य लागते.

आणि संचात दिले तेवढ्यावर हौशी माणूस थांबत नाही. कोणी चाके बदलतो, कोणी मोटार जमिनीलगत बसवितो, कोणी इंजिनात केसासारख्या तारा ओढतो. एकाने रिबनचे पट्टे कापून आसनांना लावले होते, दुसऱ्याने पत्र्याला गंज चढविला होता. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मोटारी शेजारी होत्या. एक दुकानातून नुकती आणलेली, दुसरी वीस पावसाळे खाल्लेली. घडविणाऱ्याने संचाला स्वतःचे आयुष्य दिले होते.

मग मुलाने आपली पेटी उघडली. कापसातून जी वस्तू बाहेर आली, ती पाहून मी खुर्चीवर बसलो.

ती आमची फियाट होती. नाव प्रीमियर पद्मिनी. पण घरात आणि गल्लीत तिला सगळे फियाटच म्हणत. १९८१ साली घेतलेली, २००३ साली विकलेली. पांढुरकी, सोळा सेंटिमीटरांहून थोडी लांब, माझ्या तळहातावर मावणारी. तिचा संच हाती नव्हता, म्हणून त्याने प्लॅस्टिकच्या कोऱ्या पत्र्यांतून ती सारी घडविली होती. चाक चौदा इंची, हे एक माप पक्के ठाऊक. घरच्या फोटोंतील चाक मोजायचे आणि त्यावरून दार, काच, टप यांचे प्रमाण काढायचे, असे करीत त्याने दोन वर्षे घालविली होती. सुकाणूच्या दांड्यावरचा गिअरही होता. पुढच्या डाव्या मडगार्डवर मंगळबाजारातल्या हातगाडीने पाडलेला पोचा होता.

तेव्हा मला उलगडा झाला. दोन वर्षे तो फोनवर अधूनमधून विचित्र प्रश्न विचारी. "बाबा, आरसा एकच होता की दोन? मागच्या काचेजवळ काय ठेवीत होतो आपण?" मी घाईघाईने काहीतरी उत्तर देऊन टाकी. बावीस वर्षे जी मोटार चालविली, तिचा आरसा मला नक्की आठवत नव्हता. पोर्शे उकलणाऱ्या माणसाला मी सकाळीच वेडा ठरविले होते!

शेजारच्या टेबलावरचे एक वृद्ध गृहस्थ उठून आले. खिशातली छोटी बॅटरी काढून त्यांनी खिडकीतून आत प्रकाश पाडला आणि बराच वेळ पाहिले. मग बोट न लावता आतल्या एका वस्तूकडे खूण करून काही विचारले. मीही वाकलो. पुढच्या डाव्या आसनावर एक उशी होती, नखाएवढी. सारी मोटार रंगविलेली. उशी तेवढी अस्तराच्या करड्या रंगात राहिलेली.

ती त्याच्या आईची. ठेंगणी असल्यामुळे तिला रस्ता दिसत नसे, म्हणून ती उशी घेऊन बसे. तिला जाऊन आता बारा वर्षे झाली. दोन वर्षांच्या प्रश्नोत्तरांत मी त्या उशीचा एकदाही उल्लेख केला नव्हता. मुलाला ती स्वतःहून आठवली होती.

"त्यांनी काय विचारले?" मी म्हणालो.

"उशी रंगवायची का राहिली, असे. मी म्हटले, रंग ठाऊक नाही." थोडे थांबून त्याने विचारले, "बाबा, निळी होती की हिरवी?"

मला सांगता आले नाही. त्या गृहस्थांनी मान डोलाविली, मोटारीला हलकेच नमस्कार केल्यासारखे वाकले आणि आपल्या जागी गेले. ठाऊक नसेल ते अंदाजाने रंगवायचे नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही.

परतताना अंधार पडला होता आणि चहाचे मळे दिसत नव्हते. पेटी या वेळी माझ्या मांडीवर होती. मी त्याला काडेपेटीच्या मोटारीची आठवण दिली आणि तेव्हा चुकलो असे सांगितले. तो म्हणाला, "तिची चाके तुमच्या कोटाच्या बटणांची होती. तुम्ही त्याबद्दल रागावलात असे मला वाटले होते." आम्ही दोघेही हसलो.

मी वडोदऱ्यास परतल्यावर दोनच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, शुन्साकु तामिया नव्वदाव्या वर्षी निवर्तल्याचे मुलाने कळविले. त्या दिवशी मी ट्रंक उघडून घरचे सारे फोटो पुन्हा काढले. फियाटचे फोटो पुष्कळ आहेत. लग्नाला निघताना, डाकोरच्या वाटेवर, दसऱ्याला झेंडूची माळ घालून. प्रत्येकात आम्ही सगळे मोटारीच्या पुढे ओळीने उभे आहोत. मोटारीच्या आतला फोटो एकही नाही.

मेहुणीला इंदूरला पत्र घातले आहे. बहिणीच्या हातची शिवण तिला ठाऊक आहे. त्या उशीचा अभ्रा कोणत्या कापडाचा होता, ते कदाचित तिला आठवेल. तिचे उत्तर आले की नागोयाला कळवायचे आहे. तोवर उशी करडीच राहील.