विमानाच्या नाकांतील मोटार

वाशीम जिल्ह्यांत ‘मोटार’ म्हटली कीं विहिरीवरची पाणी उपसणारी मोटार डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं जी मोटार आली, ती माझ्या भाचीच्या तळहातावर सहज मावली. तिचें वजन अवघें पन्नास ग्रॅमांच्या आसपास होतें. भाचीनें उन्हाळ्यापासून खपून तयार केलेल्या, बिनतारी यंत्रानें उडवावयाच्या विमानाच्या नाकांत ती बसवावयाची होती. त्या निमित्तानें जें पाहावयास व शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

विजेच्या बळावर उडण्याची कल्पना आजची नव्हे. फ्रान्समध्यें टिसांदिए बंधूंनीं १८८३ सालीं विजेच्या मोटारीनें आपली वायुनौका हवेंत चालविली. बिनतारी संदेशावर चालणाऱ्या छोट्या विमानाच्या विजेवरील उड्डाणाची पहिली अधिकृत नोंद मात्र इंग्लंडांतील कर्नल टॅपलिन यांच्या नांवावर, ३० जून १९५७ ची आहे. फार काळ या मार्गांतली मोठी अडचण म्हणजे बॅटरीचें ओझें. आज लिथियम-पॉलिमर बॅटरीनें तें इतकें हलकें केलें आहे कीं, हा उद्योग शाळकरी मुलांच्याहि आटोक्यांत आला आहे.

आमच्या मोटारीवर १००० हा आंकडा होता. म्हणजे दर व्होल्टामागें मिनिटाला हजार फेरे. ११.१ व्होल्टांच्या बॅटरीवर तिनें १२ अँपिअर प्रवाह घेतला, तर १३३ वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीचा सुमारें सहावा हिस्सा खर्च होतो. सातशें ग्रॅमांच्या विमानास तेवढा पुरे.

“मामा, याहून मोठी मोटार आणली तर अधिक उंच जाईल ना?” भाचीनें विचारलें.

मीं तिलाच कागदावर हिशेब मांडावयास सांगितलें. मोठी मोटार मोठा पंखा मागते, मोठा पंखा अधिक प्रवाह ओढतो, त्यासाठीं बॅटरी जड घ्यावी लागते, आणि तें वजन पुन्हां त्याच पंखांनीं उचलावयाचें असतें. अर्ध्या पानांतच तिचा हट्ट मावळला.

बसविण्याचें काम नाजूक खरें. नाकांत प्लायवुडची फळी चिकटवून तिच्यावर मोटार स्क्रूंनीं आंवळावयाची. स्क्रू गरजेहून लांब असले तर आंतल्या वेटोळ्यांना इजा होते. मोटारीचा आंस अगदीं सरळ न ठेवतां दोन-तीन अंश खालीं व तितकाच उजवीकडे कलता ठेवतात. कारण पूर्ण वेगांत विमान नाक वर करूं पाहतें व डावीकडे ओढ घेतें. मग तोल पाहावयाचा. पंखांच्या पुढल्या कडेपासून त्यांच्या रुंदीच्या पावापासून तिसऱ्या हिश्शापर्यंतच्या जागीं दोन बोटांवर विमान तोललें. शेंपूट खालीं गेलें. बॅटरी बोटभर पुढें सरकवितांच तें स्थिर झालें.

फिरणारा पंखा मात्र सर्वांत शेवटीं लावावयाचा. तो बोट कापूं शकतो. भाची उतावीळ झाली होती, म्हणून सर्व चांचणी होईपर्यंत तो मीं खिशांत ठेवला. मोटार उलटी फिरली. तिच्या तीन तारांपैकीं कोणत्याहि दोन अदलाबदल केल्या कीं ती सुलटी होते. त्यानंतरच पंखा चढला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वारा नसतांना, सोयाबीन निघालेल्या शेतांत विमान उडालें. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशीं विमानें नजरेच्या टप्प्यांतच उडवावयाचीं आहेत. तेवढेंच आम्ही उडविलें. चार मिनिटें तें डोक्यावर घिरट्या घालून काळ्या मातींत अलगद टेंकलें.

बाजारांत अधिक बळाची मोटार पैसे टाकून मिळेल. तोल मात्र ज्याचा त्यानेंच बोटांवर धरून साधावा लागतो. ज्यांच्या घरीं असें एकादें विमान आकार घेत असेल, त्या वडील मंडळींनीं खर्चाची चौकशी करण्यापूर्वीं घटकाभर त्या टेबलाशीं बसून पाहावें.