आधी लेजर दाखवा

एका माणसाला भर सभेत उभं करून त्याच्याकडून अडीच लाखांची सही घेतलेली मी पाहिली आहे. ते आठवलं की अजून संताप येतो.

भोसरीत आमचं टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्कचं युनिट आहे. बाबांनी लेथवर सुरू केलं, आता सीएनसी आणि व्हीएमसी आहेत, कारभार मी बघते. ऑर्डरी भरपूर आणि पगाराच्या तारखेला खातं रिकामं, हे एमआयडीसीत कुणाला नवीन नाही. बिझनेस कोच घ्यायचा एवढं माझं ठरलं होतं, म्हणून एका हॉटेलातल्या फुकट सेमिनारला गेले.

चहानंतर मंचावरच्या गृहस्थांनी वर्षाची फी सांगितली. चार लाख, पण आज नाव नोंदवलं तर अडीच, वर 18 टक्के जीएसटी वेगळा. कार्ड स्वाइपची मशीनं घेऊन मुलं रांगांमधून फिरू लागली. माझ्या शेजारी साठीचे एक काका होते, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा. ते त्या मुलाला शांतपणे म्हणाले, "घरी विचारून सांगतो." मंचावर ते ऐकू गेलं. त्यांना उभं केलं, हातात माइक दिला. "कुणाला विचारणार? मिसेसना? निर्णय कोण घेतं तुमच्याकडे?" लोक हसले. मग सगळ्या हॉलला उद्देशून, "यांचा धंदा का वाढला नाही, कळलं?" टाळ्या पडल्या. काकांनी सही केली. करताना त्यांचा हात थरथरत होता.

जेवताना त्यांनी मला सांगितलं होतं की, हिशेब पहिल्यापासून बायको लिहिते. म्हणजे ते आपल्या अकाउंटंटलाच विचारायचं म्हणत होते! आमच्यासारख्यांच्या कॅश क्रेडिटसाठी बँक राहतं घर तारण घेते, जामीनदार म्हणून बायकोची सही घेते. जिच्या सहीवर कर्ज उभं आहे तिला विचारणं हा भित्रेपणा कसा? जो कोच पहिल्याच दिवशी तुम्हाला घरच्यांपासून तोडतो, त्याला तुमच्या धंद्याशी काही देणंघेणं नाही. पावतीवर बारीक अक्षरात होतं, फी परत मिळणार नाही. ग्राहक आयोगात जावं तर व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा कायदा धरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण आपण त्यात बसतो हे भांडून सिद्ध करायचं. हे सगळं त्या मुलांना ठाऊक असणार. मी सही न करता निघाले, पण काकांसाठी उठून बोलले नाही कारण मला माइक दिला नव्हता, आणि दिला असता तरी काय बोलले असते कोण जाणे.

आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं असतात. पहिल्या पायरीला 100 तासांच्या कोचिंगचा अनुभव लागतो, दुसरीला 500, सर्वात वरच्या पायरीला 2500. त्यातून एवढं कळतं की हा माणूस लोकांशी बसून बोललेला आहे. मशीनजवळ उभा राहिलेला आहे की नाही ते कळत नाही. दुसऱ्या पायरीच्या एक बाई मला भेटल्या. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, "ताई, तुमचा प्रश्न आत्ता कॉस्टिंगचा आहे. माझ्या फीवर पैसे वाया घालवू नका." ज्यांना मी एक रुपया दिला नाही त्यांनी मला सर्वात जास्त वाचवलं.

मग जे साहेब मिळाले ते एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यातून प्लांट हेड म्हणून निवृत्त झालेले. फीचं बोलणं काढलं तर म्हणाले, "आधी मोठ्या पार्ट्यांचं लेजर दाखवा आणि मशीनचं लॉगबुक." आम्ही कोटेशन सायकल टाइमवर द्यायचो. 40 नगांचा लॉट, नगाला चार मिनिटं, म्हणजे 160 मिनिटं. पण जॉब बसवून पहिला नग पास होईपर्यंत दोन तास जातात, ते कुणी धरलेच नव्हते. मशीन 280 मिनिटं अडकायचं आणि बिल 160चं निघायचं. ज्या पार्टीचं नाव आम्ही अभिमानाने सांगायचो तिचे लॉट सगळ्यात लहान, रिजेक्शनच्या डेबिट नोटा सगळ्यात जास्त आणि पैसे 90 दिवसांनंतर.

एमएसएमई कायदा 2006चा आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे मुदत नाही, करार नसेल तर 15. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. 2023-24पासून प्राप्तिकरातही कलम 43बी(एच) आलं: सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही. साहेबांनी आमचा उद्यम नोंदणी क्रमांक टाकून मला त्या पार्टीला पत्र लिहायला लावलं. परचेसमधून फोन आला, "मॅडम, तुमच्यासारखे व्हेंडर रांगेत उभे आहेत." मार्चअखेर पैसे आले. पुढच्या तिमाहीत त्यांच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. हा न्याय झाला की नाही, मला ठरवता येत नाही.

कोच निवडणाऱ्याला मी सांगते, त्याला सोडून गेलेल्या लोकांशी बोला, खूश असलेल्यांशी नंतर. फी महिन्याच्या महिन्याला ठरवा. आणि माणूस आपल्याच क्षेत्रातला हवा, असंही मी आग्रहाने सांगायचे. आता तेवढ्या जोराने सांगवत नाही. मशीनवर जॉब बसवणाऱ्या, बाबांच्या काळापासूनच्या आमच्या सेटरला काढा, असं साहेब आकडे मांडून सांगत होते. मी काढलं नाही. त्यांच्या आकड्यांत चूक नव्हती, पण नवी पोरं त्याच्याच हाताखाली शिकतात हे लॉगबुकात कुठे दिसतं? उलट त्या मंचावरच्या माणसाने विचारलेला एक प्रश्न, आठ दिवस तुम्ही गेला नाहीत तर शॉप चालेल का, साहेबांनी मला कधीच विचारला नाही. प्रश्न बरोबर होता. तो त्या माणसाकडून मिळाला याचा राग जात नाही, पण त्याच्यामुळेच सध्या सुपरवायझरला कोटेशन काढायला शिकवते आहे.

साहेबांचा करार दिवाळीला संपतो. बाबांचं म्हणणं, आता पुरे. आमचे सीए म्हणतात, अजून एक वर्ष ठेवा. मला वाटतं, त्या बाईंकडे जायची वेळ आता आली आहे.