विषयाची हमाली

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चौकशी. ‘पुढं काय घेणार?’ उत्तर यायचा अवकाश, लगेच दुसरा प्रश्न, ‘त्याला स्कोप आहे का?’ स्थळ बघताना आधी पगार विचारावा, तशातली ही गत. माणूस घोरतो का, हे संसार मांडल्यावर कळणार.

विषयही घोरतात. वनस्पतिशास्त्र म्हटलं की डोळ्यांपुढं कासचं पठार येतं. प्रत्यक्षात रानातून आणलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबायची, दुसऱ्या दिवशी ओलसर झालेला कागद बदलायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा बदलायचा. पावसाळ्यात आळस केला की पानांवर बुरशी. मग चिठ्ठी लिहायची: नाव, गाव, तारीख. याचा ज्याला कंटाळा येत नाही, तो त्या विषयाचा. प्रॉस्पेक्टसमध्ये ही हमाली कुणी छापत नाही.

अशा वेळी मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. जन्म गोव्यातला, शिक्षण हार्वर्डचं, फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. संख्याशास्त्रात हात बसावा म्हणून त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तोलायला घेतली. चांदीचं नाणं हातोहात फिरताना कणाकणानं झिजतं. वजनावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. हजारो नाणी, एकेक करून तराजूत. मागच्या बाजूला ठसे जितके जास्त तितकी सरासरी झीज जास्त, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग प्रश्न पडला, ही पाडली कुणी? त्यासाठी जुने ग्रंथ, ग्रंथांसाठी संस्कृत. त्यातून भर्तृहरीच्या सुभाषितांची संशोधित आवृत्ती निघाली आणि १९५६ साली भारतीय इतिहासावरचा एक गाजलेला ग्रंथ. इतिहासाची पदवी त्यांनी कधी घेतली नव्हती.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचंही तेच. बीए तत्त्वज्ञानात, एमए घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्रात, आणि बर्लिनला पीएचडी कशावर, तर माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावर!

आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय, आलंय. चांगलं आहे, निदान एक खिडकी उघडी राहते. पण तीही बहुतेक जण टाइमटेबल जुळतं का, एवढंच बघून निवडतात.

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. फॉर्ममध्ये तिनं मेजरला भूगोल टाकला होता, मायनर रिकामं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “मामा, पण नाणी तोलत होते तेव्हा पगार गणिताचाच मिळत होता ना त्यांना?”

मिळत होता.

“मग?” म्हणाली, आणि मायनरला संख्याशास्त्र टाकून मोकळी झाली. “आता भूगोलाची हमाली काय असते ते सांग.”

ते मला काय ठाऊक! म्हटलं, कॉलेजात जा, तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठ आणि तिची जर्नलं मागून घे.